चमत्कारिक कॉर्डचं नाव कसं ठरवायचं, आणि तिच्यावर कुठलं स्केल बसतं?

आडवी_पट्टी:

नमस्कार मंडळी. दोन चालींना साथ बसवायची आहे. पहिली पांढरी सहात, म्हणजे ए मायनर. दुसरी पांढरी तीनमध्ये, ई मेजर. खालच्या चार कॉर्ड कानाला पसंत पडल्या आहेत, पण कागदावर त्यांचं नाव काय लिहायचं हे ठरत नाही. कॉर्ड ओळखणारी दोन वेगवेगळी ॲप वापरली तर दोघांनी वेगवेगळी नावं दिली. मधल्या तुकड्यात बासरी वाजणार आहे, तेव्हा कुठल्या कॉर्डवर कुठले सूर घ्यायचे हेही सांगावं लागेल.

१. गिटार, सहाव्या तारेपासून पहिलीकडे ×-०-२-२-१-२. सूर: ए, ई, ए, सी, एफ शार्प. बास गिटारवर खाली बी. पहिल्या चालीत, पुढे ई सेव्हन येते.

२. कीबोर्ड. डाव्या हातात सी, उजव्यात ई, जी शार्प, बी. पहिल्या चालीत, पुढे ए मायनर.

३. कीबोर्ड. डाव्यात ई आणि जी शार्प, उजव्यात डी, जी, सी. हीसुद्धा पुढे ए मायनरवर जाते.

४. गिटार २-४-४-३-०-०. दुसऱ्या चालीत, पुढे बी आणि मग ई.

साधे मेजर-मायनर, सेव्हन्थ, सस वगैरे माहीत आहेत. पद्धत सांगितलीत तर पुढच्या वेळी स्वतः काढता येईल.

सहावी_तार:

आधी नावाचं बघू. स्केलचं दुसरं कुणी सांगेल, नाहीतर मी येतोच.

सगळ्यांत खालचा सूर तात्पुरता सा धरा आणि बाकीच्या सुरांना त्या सा पासूनचं नाव द्या. कोमल-शुद्ध-तीव्र येत असेल तर निम्मं काम झालंच. भाषांतर असं: ग म्हणजे मेजर थर्ड, कोमल ग म्हणजे मायनर. कोमल नी म्हणजे नुसतं सेव्हन, शुद्ध नी म्हणजे मेजर सेव्हन. रे म्हणजे नाइन, कोमल रे म्हणजे फ्लॅट नाइन. म म्हणजे इलेव्हन, पण ग अजिबात नसेल तर तोच सस फोर. तीव्र म म्हणजे शार्प इलेव्हन, पण कॉर्डमध्ये प नसेल आणि ग कोमल असेल तर फ्लॅट फाइव्ह म्हणतात. ध म्हणजे सिक्स, कोमल नी सोबत असेल तर थर्टीन. कोमल ध ही भांडणाची जागा आहे, तिच्याकडे खाली येतो.

आता एक नंबर. बी हा सा धरला तर ए म्हणजे कोमल नी, सी म्हणजे कोमल रे, ई म्हणजे म, एफ शार्प म्हणजे प. ग नाहीच. म्हणून बी सेव्हन सस फोर फ्लॅट नाइन. ॲपने बहुधा 'ए मायनर सिक्स, खाली बी' असं दिलं असेल. तेही चूक नाही. गिटारवाल्याच्या कागदावर मी तेच लिहीन, कारण ते वाचून बोटं लगेच जागेवर पडतात. 'सस फोर फ्लॅट नाइन' वाचून आकार आठवेपर्यंत माप निघून जातं.

दोन नंबर. सी सा धरला तर ग, कोमल ध आणि शुद्ध नी. प नाही, म्हणून कोमल ध ला 'वाढलेला प' म्हणायचं: सी मेजर सेव्हन शार्प फाइव्ह. पण ही पुढे कुठे जाते ते बघा. ए मायनरवर. सी आणि ई जागेवरच राहतात, जी शार्प अर्ध्या पायरीने चढून ए होतो, बी उतरून ए होतो किंवा तिथेच थांबतो. म्हणजे काम सगळं ई मेजरचं चाललंय, नुसता पाय सी वर ठेवलाय. म्हणून मी 'ई, खाली सी' लिहीन. हीच कॉर्ड सी मेजरच्या चालीत सी वरून एफ कडे जाताना आली असती, तर सी मेजर सेव्हन शार्प फाइव्ह जास्त खरं ठरलं असतं. पट्ट्या त्याच, नाव वेगळं.

तीन नंबर. ई सा: जी शार्प हा ग, डी कोमल नी, सी कोमल ध, आणि जी म्हणजे कोमल ग. दोन्ही गंधार एकत्र आले की मोठा गंधार थर्डची जागा घेतो आणि कोमल ग ला शार्प नाइन म्हणायचं. राहिला सी. शार्प फाइव्ह की फ्लॅट थर्टीन? कसोटी सोपी आहे: चालीत किंवा स्केलमध्ये शुद्ध प, म्हणजे इथे बी, शिल्लक आहे का? असेल तर फ्लॅट थर्टीन. त्या जागी बी फ्लॅट वापरणार असाल तर शार्प फाइव्ह. तुमची चाल ए मायनरची आहे, बी असणारच, म्हणून ई सेव्हन शार्प नाइन फ्लॅट थर्टीन.

हिच्या मांडणीकडे लक्ष द्या. तुम्ही जी शार्प खाली आणि जी वर ठेवलाय, मध्ये ११ सेमीटोन (अर्ध्या पायऱ्या) आहेत, म्हणून ती गोड-तिखट लागते. उलटं केलंत, जी खाली आणि जी शार्प वर, तर मध्ये एक किंवा तेरा सेमीटोन उरतात आणि तीच कॉर्ड चुकल्यासारखी ऐकू येते. शिवाय डाव्या हाताचा ई-जी शार्प मधल्या सी च्या लगतच्या खालच्या सप्तकातच ठेवा. आणखी एक सप्तक खाली नेलात की दोन सुरांची गुरगुर होते, थर्ड ओळखूच येत नाही.

चार नंबर. सहावी तार एफ शार्प, पाचवी सी शार्प, चौथी एफ शार्प, तिसरी ए शार्प, मग मोकळी बी आणि मोकळी ई. एफ शार्प सा धरला तर प, ग, म, कोमल नी. एफ शार्प सेव्हन ॲड इलेव्हन. नुसतं 'एफ शार्प इलेव्हन' लिहू नका. ते वाचून कीबोर्डवाला रे सुद्धा घालतो आणि बहुतेक वेळा ग काढून टाकतो, कारण ग आणि म एकत्र घासतात. इथे तर ती घासणंच हवी आहे. तिसऱ्या तारेवरचा ए शार्प आणि दुसरी मोकळी बी यांच्यात बरोबर एक सेमीटोन आहे, शेजारी-शेजारी, एकाच सप्तकात. कॉर्ड झणझणते ती त्यामुळेच. आणि त्यामुळेच दुसरी तार जराशी उतरलेली असली तरी आधी इथेच उघडी पडते. ही कॉर्ड वाजवण्याआधी दुसरी तार पुन्हा लावून घ्या.

बोटं: पहिलं बोट फक्त सहाव्या तारेवर, टोकावर उभं. दुसरं तिसऱ्या तारेवर, तिसरं पाचवीवर, करंगळी चौथीवर. सवयीने पहिलं बोट बॅरसारखं आडवं पडलं की पहिली-दुसरी तार मुकी होते आणि उरते साधी एफ शार्प मेजर.

मंद्र_नी:

सहावी_तार यांनी नावं नीट सोडवली आहेत, स्केल मी घेते.

'अमुक कॉर्डला अमुक स्केल' असा तक्ता पाठ करण्यापेक्षा उरलेल्या फटी भरा. कॉर्डने चार-पाच सूर आधीच देऊन टाकलेले असतात. ते सप्तकात ओळीने मांडा, मधल्या जागा मोजा, आणि प्रत्येक फट शक्यतो चालीच्याच सुरांनी भरा. दोन पथ्यं: लागोपाठच्या दोन सुरांत तीन सेमीटोनपेक्षा मोठी उडी ठेवायची नाही, आणि एका पाठोपाठ दोन सेमीटोन येऊ द्यायचे नाहीत. (दुसरं पथ्य भैरव थाट सरळ मोडतो. नी-सा, सा-कोमल रे असे दोन सेमीटोन लागोपाठ. म्हणून त्याला कायदा समजू नका. अनोळखी कॉर्डवर मात्र त्याने काम सोपं होतं.)

दोन नंबरवर करून दाखवते. हातात सी, ई, जी शार्प, बी. सी ते ई मध्ये चार सेमीटोन. डी घातला, तो चालीतला आहे. ई ते जी शार्प मध्येही चार. इथे एफ किंवा एफ शार्प. जी शार्प ते बी मध्ये तीन; ए घातला, तो तर चालीचा सा च आहे. राहिला प्रश्न एफ चा. एफ हा ई च्या डोक्यावर सेमीटोनने बसतो. कॉर्डमधल्या सुराच्या वर सेमीटोनवर असलेला सूर बासरीने लांबवला की कॉर्ड कोसळल्यासारखी वाटते. जाता जाता लागला तर चालतो. एफ शार्प घेतलात तर मुक्काम करता येतो. तेव्हा सूर झाले: सी, डी, ई, एफ शार्प, जी शार्प, ए, बी. ए पासून म्हटलेत तर ए मेलडिक मायनर, चढता. आपल्या भाषेत पटदीपचे सूर: कोमल ग, बाकी सगळे शुद्ध. एफ घेतलात तर ए हार्मोनिक मायनर, म्हणजे किरवाणी.

सूर पटदीपचे, राग पटदीप नव्हे. बासरीवाल्याला 'पटदीप वाजव' म्हणालात तर तो रागाचं चलन घेऊन येईल, आरोहात रे-ध वगळेल, आणि तुमचा एफ शार्प निम्म्या जागी गायब होईल. 'पांढरी सहा, कोमल ग, बाकी शुद्ध' एवढंच सांगा.

आता एक नंबरची कॉर्ड. ए, सी, ई, एफ शार्प हे चार सूर घ्या आणि खालचा बास फक्त बदलत जा. ए खाली: ए मायनर सिक्स. एफ शार्प खाली: एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह. डी खाली: डी नाइन. बी खाली: तुमची सस फोर फ्लॅट नाइन. जी शार्प खाली: जी शार्प सेव्हन, फ्लॅट नाइन आणि फ्लॅट थर्टीनसकट. सी खाली: सी सिक्स शार्प इलेव्हन. वरचा हात हललाही नाही, नावं सहा झाली. आणि ए मेलडिक मायनरचे सात सूर या सहाही ठिकाणी चालतात.

हे आपल्याला नवं वाटायला नको, ही मूर्च्छनाच आहे: सूर तेच, सा बदललेला. गिटारच्या खालच्या पाच मोकळ्या तारा घ्या, एकही बोट न ठेवता: ई, ए, डी, जी, बी. ॲप तिला ई मायनर सेव्हन ॲड इलेव्हन म्हणेल. जी सा धरा: सा रे ग प ध, भूप. ए सा धरा: सा रे म प कोमल नी, मध्यमाद सारंगाचे सूर. बी धरा: मालकंस. डी धरा: दुर्गा. ई धरा: धानी. पाच तारांत पाच रागांचे सूर, कुठला ते सा ठरवतो. कॉर्डच्या बाबतीत सा ठरवण्याचं काम बास गिटार करते, एवढाच फरक.

मेलडिक मायनरच्या सात मूर्च्छनांपैकी चारांना कर्नाटक पद्धतीत मेळकर्त्यांत, म्हणजे तिथल्या ७२ मूळ स्वरसंचांत, जागा आहे. पहिली गौरीमनोहरी, मेळ २३. दुसरी नाटकप्रिया, १०. तुमच्या बी वरच्या कॉर्डची हीच. चौथी वाचस्पती, ६४, ती डी नाइनवर. पाचवी चारुकेशी, २६. उरलेल्या तिघींना ७२ मेळांत स्थान नाही, कारण तिथे प अचल आहे आणि या तिघींत शुद्ध प च नाही. नेमक्या याच तीन सी मेजर सेव्हन शार्प फाइव्ह, एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह आणि जी शार्पच्या ऑल्टर्ड (प आणि रे हलवलेल्या सेव्हन्थ) कॉर्डवर बसतात. आपल्याकडच्या शिकलेल्या कानाला या कॉर्ड परक्या वाटतात त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं: पंचम हलतो.

तीन नंबर. ई, जी, जी शार्प, सी, डी हातात आहेत. जाझची पुस्तकं इथे ई ऑल्टर्ड सांगतील: ई, एफ, जी, जी शार्प, बी फ्लॅट, सी, डी. हेच सूर एफ मेलडिक मायनरचे. पण कॉर्डमध्ये सी ऐवजी सी शार्प असता तर उत्तर बदललं असतं. मग एक-दोन-एक-दोन सेमीटोनचं आठ सुरांचं स्केल आलं असतं: ई, एफ, जी, जी शार्प, ए शार्प, बी, सी शार्प, डी. आणि जी ऐवजी एफ शार्प असता तर होलटोन, म्हणजे सगळीकडे दोन-दोन सेमीटोनचं स्केल. कॉर्डमधला एकच सूर बदलला की फटी बदलतात, म्हणून 'ई सेव्हन, काहीतरी ऑल्टर्ड' असं मोघम लिहू नका.

चार नंबर सगळ्यांत सोपी. एफ शार्प, ए शार्प, बी, सी शार्प, ई. फटींत जी शार्प आणि डी शार्प, दोन्ही ई मेजरचेच. एफ शार्प पासून पाहिलंत तर खमाज थाट. पण बासरीवाल्याचा सा ई आहे, त्याला 'या दोन मात्रा तीव्र म, बाकी तेच' म्हणा. ई बिलावलचा ई कल्याण झाला, इतकंच घडतंय.

आडवी_पट्टी:

दोघांचे आभार, हे फारच कामाचं आहे. तीन शंका.

(अ) एक नंबरच्या कॉर्डवर चालीत जी शुद्ध येतो, जी शार्प नाही. मग ए मेलडिक मायनर कसं चालेल?
(आ) तीन नंबरवर मूळ चालीत बी लांबवलेला आहे. ऑल्टर्डमध्ये तर बी फ्लॅट सांगितलाय.
(इ) संपूर्ण गाण्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालू ठेवायचा विचार आहे, पहिल्या चालीला ए-ई आणि दुसऱ्या चालीला ई-बी. त्याने काही बिघडेल का?

मंद्र_नी:

(अ) चालणार नाही, चाल जिंकते. ए, सी, ई, एफ शार्प यांत जी शुद्ध की शार्प हे कॉर्डने सांगितलेलंच नाही, ती फट मोकळी होती. मी ती जी शार्पने भरली कारण पुढे ई सेव्हन येते. चाल जी म्हणत असेल तर जी ने भरा: ए, बी, सी, डी, ई, एफ शार्प, जी. ए पासून काफी थाट, बास बी वरून पाहिलंत तर भैरवीचा. आणि पुढच्या मापात ई सेव्हन आल्यावर जी चा जी शार्प होऊ द्या. बासरीवर ते अर्ध्या भोकाचं काम आहे. दोघांच्या मध्ये निदान एक सूर ठेवायला सांगा, जी-ए-जी शार्प असा. थेट जी-जी शार्प सरकवलं तर बेसूर गेल्याचा भास होतो.

(आ) बी लांबवलेला असेल तर ऑल्टर्ड विसरा. ए नॅचरल मायनर घ्या आणि त्यात जी शार्प मिळवा: ई, एफ, जी, जी शार्प, ए, बी, सी, डी. आठ सूर होतात, होऊ देत. शार्प नाइन म्हणून मिरवणारा जी हा मुळात तुमच्या चालीचाच कोमल नी आहे. त्या कॉर्डवर ए मात्र लांबवू नका, जी शार्पच्या डोक्यावर बसतो. आणि उजव्या हातातला सी चालीतल्या बी ला लागून येतोय का ते बघा. चालीचा बी वर आणि तुमचा सी त्याच्या खाली अकरा सेमीटोनवर असेल तर हरकत नाही. सी वर आणि बी लगेच खाली असेल तर त्या मात्रेपुरता सी सोडून द्या.

खर्ज:

(इ) वर लिहितो, कारण हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारातच घेत नाही.

वर दोघांनी म्हटलंय की नाव बास ठरवतो. तानपुरा चालू असेल तर तुमचा खरा बास तानपुरा आहे. बास गिटारने काहीही वाजवलं तरी ए आणि ई खाली धरून बसलेले आहेत. मग हिशोब असा होतो:

एक नंबर: बी चा बास आणि तानपुऱ्याचा ए एकत्र. कानाला ए मायनर सिक्स नाइन ऐकू येते. सस फोर फ्लॅट नाइनचा जो ताण ई सेव्हनकडे ढकलतो, तो जातो.

दोन नंबर: ए वर सी, ई, जी शार्प, बी. ही ए मायनर मेजर सेव्हन, वर नाइन. म्हणजे 'ई खाली सी' की 'सी मेजर सेव्हन शार्प फाइव्ह' हा वाद तानपुऱ्यासमोर टिकतच नाही. आणि पुढे ए मायनरवर 'पोचल्याचं' सुख मिळत नाही, कारण तुम्ही निघालाच नव्हतात.

तीन नंबर: जी शार्प ए शी घासतो, पण तो शुद्ध नी आहे, तानपुऱ्यावर तो सुंदर लागतो. ऑल्टर्डचा बी फ्लॅट घेतला असता तर तो कोमल रे झाला असता, आणि मग सगळं प्रकरण दुसऱ्याच रागाकडे कलतं. चालीत बी असल्याने तो प्रश्न मिटला आहे.

चार नंबर: काहीच त्रास नाही. ई आणि बी तिच्यात मोकळ्या तारांच्या रूपाने आधीच आहेत.

म्हणून दुसऱ्या चालीला तानपुरा राहू द्या. पहिल्या चालीत तो नुसत्या सुरुवातीला आणि अखेरीला ठेवा, कॉर्ड सुरू झाल्या की आवाज पूर्ण उतरवा. अर्धवट हळू ठेवण्यात मुद्दा नाही. ध्वनिमुद्रणात तो बासच्या खाली दबल्यासारखा वाटतो, पण हेडफोनवर 'काहीतरी खटकतंय' एवढं कळण्याइतका उरतो.

ॲपबद्दल. ध्वनी ऐकून कॉर्ड सांगणारं ॲप वरच्या हार्मोनिक्समुळे फसतं. जोरात वाजवलेल्या सी च्या तिसऱ्या हार्मोनिकवर जी असतो, पाचव्यावर ई. बास मोठा असला की न वाजवलेला जी त्याला 'दिसतो', आणि जी शार्पवाली कॉर्ड तो साधी सी मेजर सेव्हन म्हणून मोकळा होतो. पट्ट्या टाइप करून घेणारं ॲप तिथे फसत नाही, पण पुढे काय येतंय हे त्यालाही माहीत नसतं. नाव निम्मं पुढच्या कॉर्डमध्ये असतं. वाग्नरचा 'ट्रिस्टन' ऑपेरा १८६५ साली म्युनिकला रंगमंचावर आला, त्याच्या सुरुवातीची कॉर्ड एफ, बी, डी शार्प, जी शार्प. पट्ट्या मोजल्या तर सरळ एफ मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह. पण जी शार्प चढून ए होतो आणि सगळं ई सेव्हनवर येऊन उभं राहतं, त्यामुळे तिचं नाव काय यावर विद्वान आजही एकमेकांवर कागद काळे करतात. तुमच्या चार कॉर्डवर दोन ॲपचं एकमत झालं नाही तर नवल नाही.

सहावी_तार, एका ठिकाणी मतभेद. तीन नंबरला 'फ्लॅट थर्टीन' लिहिलंत तर काही कीबोर्डवाले शुद्ध पंचमही घालतात, बी. तो सी च्या लगेच खाली पडला तर मंद्र_नी म्हणतात तीच टक्कर कॉर्डच्या आतच होते. मी कागदावर शार्प फाइव्हच लिहीन आणि शेजारी 'चालीत बी' अशी टीप देईन.

सहावी_तार:

मान्य. वाचणाऱ्याच्या हातून काय वाजेल ते महत्त्वाचं, व्याकरण नंतर.

चार नंबरचा आकार तसाच वर-खाली सरकवून बघा, पहिल्या दोन तारा मोकळ्याच ठेवून. पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर: एफ मेजर सेव्हन शार्प इलेव्हन, म्हणजे थेट कल्याणचा तीव्र म. तिसऱ्यावर: जी सिक्स. पाचव्यावर: ए ॲड नाइन. सातव्यावर: बी ॲड इलेव्हन, तुमची पुढची कॉर्ड हीच घ्या, ई आणि बी न तुटता गुंजत राहतील. आठव्यावर: सी मेजर सेव्हन. दहाव्यावर: डी सिक्स नाइन. चौथ्या, सहाव्या फ्रेटवर मात्र जपून, तिथे मोकळ्या तारा कॉर्डच्या सुरांशी नको तिथे भांडतात.

आडवी_पट्टी:

सातव्या फ्रेटची बी ॲड इलेव्हन लगेच बसली. शेवटचं: दुसरी चाल गायिकेला पांढरी चारमध्ये करावी लागेल असं दिसतंय, कदाचित पांढरी दोनमध्येही. मोकळ्या तारांच्या कॉर्डचं काय करू?

सहावी_तार:

पांढरी चारला पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. आकार तेच, कॅपोपासून मोजायचे. नाव मात्र जी सेव्हन ॲड इलेव्हन होईल आणि तीव्र म चा सूर बी. कीबोर्डवाल्याला खरं नाव द्या, कॅपोवालं नाही. तानपुराही एफ-सी वर न्यायला विसरू नका.

पांढरी दोन अडचणीची आहे, कॅपो खाली जात नाही. हवी ती कॉर्ड ई सेव्हन ॲड इलेव्हन: ई, बी, ई, जी शार्प, ए, डी. दुसऱ्या तारेवर तो ए मिळतच नाही, तिचा सगळ्यांत खालचा सूर बी आहे. जी शार्प चौथ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर आणि ए तिसरीच्या दुसऱ्या फ्रेटवर घ्यायला गेलात तर हात तेवढा पसरत नाही. सहाही तारा दोन-दोन सेमीटोन उतरवा: डी, जी, सी, एफ, ए, डी. मग आकार जसाच्या तसा वाजतो. दहाच्या गेजचा (जाडीचा) संच इतका उतरवला की लुळा पडतो आणि सहावी तार फ्रेटवर खडखडते, म्हणून बाराचा लावा. नवा संच उतरवल्यावर अर्धा तास तरी सरकत राहतो. दुसरी तार सगळ्यांत शेवटी पुन्हा तपासा.